सॉस संपला, राग कुणावर?

७ ऑक्टोबर २०१७, शनिवार. अमेरिकेतल्या कितीतरी शहरांत मॅकडॉनल्ड्सच्या दुकानांबाहेर रांगा लागल्या होत्या. कुणी तासन्‌तास गाडी चालवत आलं होतं, कुणी पोराबाळांना घेऊन. अनेकांच्या अंगात एकाच कार्टून मालिकेचे टी-शर्ट. एवढी माणसं जमली होती ती तळलेल्या चिकनबरोबर मिळणाऱ्या सॉसच्या इवल्याशा पाकिटासाठी. वरचा कागद सोलायचा, चार-पाच तुकडे बुडवायचे, की ते रिकामं.

सॉसचं नाव शेजवान. आपल्याकडे गाडीवरच्या चायनीजमध्ये पडते ती लसूण-मिरचीची लालभडक शेजवान चटणी आणि हा सॉस यांचं नातं नावापुरतंच. दोघांनी नाव चीनच्या एकाच प्रांतावरून उचललं आहे. अमेरिकेतला हा प्रकार तपकिरी, गोडसर आणि किंचित आंबट. त्यात सोया सॉस, आलं, सफरचंदाचं व्हिनेगर आणि तिळाचं तेल असतं.

वाटप सुरू झालं आणि बघता बघता संपलंही. कितीतरी दुकानांत आलेली पाकिटं होती जेमतेम वीस. कंपनीच्या यादीत नाव असूनही आमच्या दुकानात एकही पाकीट पोचलं नाही, अशा तक्रारी काही गावांतून आल्या. बाहेर शेकड्यांनी माणसं, आत वीस पाकिटं. लोकांनी घोषणा सुरू केल्या, "आम्हाला सॉस हवा!" काही ठिकाणी पोलिसांना यावं लागलं. एका दुकानात एक तरुण थेट काउंटरवर चढला, मालिकेतला संवाद ओरडला आणि खाली उतरून जमिनीवर लोळू लागला. त्याचा व्हिडिओ पुढच्या दोन दिवसांत जगभर फिरला. गल्ल्यावर उभ्या असलेल्या मुला-मुलींनी त्या दिवशी बऱ्याच शिव्या ऐकल्या.

एका सॉसवरून लोक इतके का चिडले, हे समजायचं तर एकोणीस वर्षं मागे जावं लागतं.

१९९८ च्या जूनमध्ये डिस्नेचा 'मुलान' हा चित्रपट आला. चीनमधली एक मुलगी वडिलांच्या जागी सैन्यात जाते, ही त्याची कथा. चित्रपटाच्या जाहिरातीसाठी मॅकडॉनल्ड्सने थोडे दिवस हा चिनी नावाचा सॉस विकला. चित्रपट थिएटरांतून उतरला, सॉसही गेला. पुढे जवळजवळ दोन दशकं त्याची कुणाला आठवण नव्हती.

मग 'रिक अँड मॉर्टी' आली. रिक हा दारुडा, तिरसट, पण अफाट बुद्धीचा शास्त्रज्ञ आजोबा आणि मॉर्टी हा त्याचा भित्रा नातू. मोठ्यांसाठी बनवलेली ही कार्टून मालिका डॅन हार्मन आणि जस्टिन रॉयलंड यांनी २०१३ च्या डिसेंबरमध्ये सुरू केली आणि तरुणांनी ती डोक्यावर घेतली. तिसऱ्या पर्वाचा पहिला भाग १ एप्रिल २०१७ रोजी आगाऊ सूचना न देता दाखवला गेला. त्यात रिक आपल्या आठवणींत शिरतो, १९९८ सालच्या मॅकडॉनल्ड्ससमोर गाडी उभी करतो आणि हाच सॉस मागवतो. भागाच्या शेवटी तो नातवाला सांगतो, की आपल्या साऱ्या धडपडीचं मूळ या सॉसमध्ये आहे. लेखकांनी केलेली ती गंमत होती. चाहत्यांनी ती उचलून धरली.

त्याच महिन्यात १९९८ सालचं एक जुनं पाकीट ईबेवर लिलावाला आलं. बोली चढत चढत १४,७०० डॉलरवर गेली, म्हणजे त्या वेळच्या दराने नऊ लाख रुपयांहून जास्त. जुलैमध्ये मॅकडॉनल्ड्सने रॉयलंड यांना या सॉसचा एक मोठा कॅन भेट पाठवला, सोबत कंपनीच्या शेफचं पत्र. त्यांनी फोटो टाकला आणि सॉस परत येणार, अशी आशा हजारो लोकांच्या मनात रुजली. मग ऑक्टोबरात कंपनीने जाहीर केलं, की चिकनच्या एका नव्या पदार्थाबरोबर हा सॉस मिळेल. फक्त एक दिवस, फक्त निवडक दुकानांत आणि अगदी मोजका.

'अगदी मोजका' म्हणजे किती, हे मात्र रांगेतल्या कुणाला ठाऊक नव्हतं.

इथे एक फरक ध्यानात घ्यायला हवा. कोल्हापूर-पुण्यातल्या एखाद्या जुन्या मिसळीच्या दुकानावर दुपारी एकच्या सुमारास 'मिसळ संपली' अशी पाटी लागते. उशिरा आलेला माणूस हळहळतो, उद्या लवकर यायचं ठरवतो आणि शेजारच्या दुकानात शिरतो. काउंटरवर कुणी चढत नाही. त्या दुकानदाराने त्याला मुद्दाम बोलावणं धाडलेलं नसतं. मॅकडॉनल्ड्सने मात्र सहा महिने वाढत गेलेली उत्सुकता डोळ्यांनी पाहिली, तिला खतपाणी घातलं, तारीख दिली, लोकांना घराबाहेर काढलं आणि मग दारात वीस पाकिटं ठेवली. लोकांना सगळ्यात जास्त लागलं ते बोलावून घेऊन रिकाम्या हाती परत पाठवणं.

तरीही, राग खरा असला म्हणून तो कुठेही काढायची मुभा मिळत नाही. त्या शनिवारी काही माणसं इथेच घसरली.

ही एकट्या सॉसची गोष्ट नाही. १९९७ च्या एप्रिलमध्ये मॅकडॉनल्ड्सने अमेरिकेत मुलांच्या जेवणाबरोबर 'टीनी बीनी बेबीज' नावाची कापडी खेळणी दिली. तयारी चांगली दांडगी होती, सुमारे दहा कोटी खेळणी. ती पाच आठवडे पुरतील असा अंदाज होता. दोनेक आठवड्यांतच सगळी संपली. मोठी माणसं दहा-दहा जेवणं घेत, खेळणी पिशवीत टाकत आणि अन्न कचऱ्यात फेकत. २००० च्या जानेवारीत सिंगापूरमध्ये मॅकडॉनल्ड्सने 'हॅलो किटी' या मांजरीच्या लग्नातल्या बाहुल्या विकायला काढल्या. लोकांनी रात्र रात्र रांगा लावल्या, भांडणं जुंपली आणि एका दुकानात गर्दीच्या रेट्याने काचेचं दार फुटून माणसं जखमी झाली. आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये जपानसारख्या शिस्तीच्या देशात तेच घडलं. मुलांच्या जेवणाबरोबर पोकेमॉनची पत्तेवजा कार्डं मिळणार होती. ती चढ्या भावाने विकणाऱ्यांनी जेवणांचे ढीगच्या ढीग विकत घेतले. एका दिवसात कार्डं संपली, न खाल्लेलं अन्न दुकानाबाहेर पडून राहिलं आणि कंपनीला जाहीर माफी मागावी लागली.

२००९ सालची घटना मात्र थोडी निराळी आहे आणि तिच्यातला राग समजून घेण्याजोगा आहे. अमेरिकेत तेव्हा मंदी होती, नोकऱ्या जात होत्या. केएफसीने तळण्याऐवजी भाजलेलं चिकन नव्याने बाजारात आणलं होतं. ५ मे रोजी टीव्हीवरच्या सूत्रसंचालिका ओप्रा विन्फ्री यांनी आपल्या कार्यक्रमात सांगितलं, की संकेतस्थळावरून कूपन उतरवून घ्या, केएफसीत जा आणि दोन तुकडे चिकन, दोन तोंडीलावणी आणि एक बिस्किट (म्हणजे तिकडचा मऊ पाव) फुकट घ्या. लोकांनी तब्बल एक कोटी पाच लाख कूपनं उतरवली. चाळीस लाखांच्या आसपास जेवणं वाटून झाल्यावर कंपनीने हात वर केले. दुकानांत लोक कूपन फडकवत उभे, काउंटरमागचे कर्मचारी नाही म्हणताहेत, असं चित्र जागोजागी दिसलं. न्यूयॉर्कमध्ये काही जणांनी दुकानातच ठिय्या दिला. कंपनीच्या प्रमुखाने माफी मागितली आणि नंतर जेवण देऊ म्हणून नोंदणी सुरू केली. पुढे ग्राहक कोर्टात गेले आणि पंधरा लाख डॉलरहून अधिक रक्कम देऊन तो खटला मिटवण्यात आला. ज्यांनी कूपन जपून ठेवलं आणि कोर्टाची वाट धरली, त्यांच्या पदरात काहीतरी पडलं. काउंटरवर ओरडणाऱ्यांना त्या दिवशी काहीच मिळालं नाही.

दहा वर्षांनी या वेडाने पायरी ओलांडली. १२ ऑगस्ट २०१९ रोजी पॉपाइज या अमेरिकी साखळीने ३.९९ डॉलरचं चिकन सँडविच देशभर आणलं. चिक-फिल-ए या प्रतिस्पर्धी कंपनीशी समाजमाध्यमांवर झालेल्या शाब्दिक चकमकीमुळे त्याची घरोघरी चर्चा झाली. सप्टेंबरअखेर पुरेल असा धरलेला माल दोन आठवड्यांत संपला. टेनेसीतल्या एका माणसाने 'माझा वेळ वाया गेला' म्हणून कंपनीवर पाच हजार डॉलरचा दावा लावला. ह्यूस्टनमध्ये सँडविच संपल्याचं कळताच एका टोळक्यातल्या एकाने पिस्तूल काढलं. कर्मचाऱ्यांनी आतून दार लावून घेतलं म्हणून निभावलं. नोव्हेंबरच्या ३ तारखेला सँडविच परत आलं. दुसऱ्याच दिवशी मेरीलँडमध्ये रांगेत मध्ये घुसण्यावरून दोघांचं जुंपलं आणि अठ्ठावीस वर्षांच्या एका तरुणाला दुकानाच्या दारातच भोसकण्यात आलं. तो वाचला नाही. चार डॉलरच्या खाण्याची ही किंमत कुठल्याही हिशेबात बसत नाही.

माणसं अशी का वागतात, यावर मानसशास्त्रात बराच अभ्यास झाला आहे. १९७५ साली स्टीफन वर्चेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग अगदी साधा आहे. एका काचेच्या बरणीत दहा बिस्किटं, दुसऱ्या बरणीत दोन. बिस्किटं सारखीच. प्रत्येकाने एक बिस्किट खायचं आणि ते किती हवंहवंसं वाटतं, हे सांगायचं. दोन बिस्किटांच्या बरणीतलं बिस्किट लोकांना जास्त हवंसं वाटलं. पुढची गंमत अशी, की आधी दहाची बरणी समोर ठेवून मग ती उचलून दोनची ठेवली, तेव्हा ओढ आणखी वाढली. आणि बिस्किटं 'इतरांना जास्त हवी होती म्हणून' कमी झाली असं सांगितलं, तेव्हा ती सगळ्यात जास्त. बिस्किट तेच, पीठ तेच, चव तीच.

शेजवान सॉसच्या रांगेत या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या होत्या. वस्तू मुळात थोडी. ती एकदा मिळत होती आणि मग काढून घेतली गेली. आणि सगळ्यांना ती हवी आहे, हे रांगच ओरडून सांगत होती. मिशिगनमध्ये एका पाकिटाच्या बदल्यात कुणीतरी आपली जुनी फोक्सवॅगन गाडी देऊन टाकल्याची बातमी आली, ती याच दिवसांत.

रांगेचंही स्वतःचं मानसशास्त्र असतं. हार्वर्डमध्ये शिकवणारे डेव्हिड मायस्टर यांनी १९८५ साली त्यावर एक निबंध लिहिला, तो आजही व्यवस्थापनाच्या वर्गात शिकवला जातो. किती वेळ लागणार हे माहीत नसलं, की थांबणं लांबलचक वाटतं. रांगेत अन्याय होतोय असं वाटलं, की ते असह्य होतं. ज्या दुकानांत 'पहिल्या वीस जणांनाच मिळेल' असं आधीच सांगून चिठ्ठ्या वाटल्या जातात, तिथे एकविसावा माणूस चरफडतो, पण घरी जातो. तीन तास उभं राहून दारात पोचल्यावर 'संपलं' ऐकणाऱ्या माणसाला मात्र वाटतं, की आपल्याला खुळ्यात काढलं. तेव्हा त्याला सॉसपेक्षा ते तीन तास जास्त जाळत असतात.

आणि मग तो राग जवळच्या माणसावर निघतो. अडलेली इच्छा आक्रमकपणाकडे वळते आणि जो खरा जबाबदार आहे तो हाताशी नसेल, तर हाताशी असलेल्या दुबळ्यावर ती कोसळते, हे येल विद्यापीठातल्या अभ्यासकांनी १९३९ सालीच मांडलं होतं. वड्याचं तेल वांग्यावर काढणं म्हणतात ते हेच. पाकिटांचा आकडा ठरवणारे अधिकारी शिकागोजवळच्या मुख्यालयात होते. चाहत्यांच्या समोर होते ते ताशी मोबदल्यावर उभे असलेले पोरगेले कामगार.

त्यांचा या सगळ्याशी संबंध काय होता? अमेरिकेतली मॅकडॉनल्ड्सची दहातली नऊहून जास्त दुकानं स्थानिक मालक चालवतात. जाहिरात कधी करायची, पाकिटं किती बनवायची, कोणत्या दुकानात किती पाठवायची, यातलं काहीच दुकानातल्या माणसाच्या हातात नसतं. खोकं येतं, तो ते उघडतो, वीस मोजतो. अमेरिकेत केंद्र सरकारने ठरवलेलं किमान वेतन २००९ पासून ताशी ७.२५ डॉलरच आहे. काही राज्यांत ते जास्त आहे, पण अशा दुकानांत काम करणारे बहुतेक जण कमी पगाराचेच. विद्यार्थी, दोन-दोन नोकऱ्या करणाऱ्या आया, नुकते देशात आलेले लोक. 'संपलं' हे सांगण्याचं काम त्यांच्या वाट्याला येतं आणि त्यावरच्या शिव्याही.

मालिकेचे निर्माते रॉयलंड यांनी त्याच वेळी चाहत्यांना जाहीरपणे सांगितलं, की या योजनेशी आमचा संबंध नाही, ती ज्या पद्धतीने राबवली गेली ते आम्हालाही आवडलेलं नाही, पण कर्मचाऱ्यांशी नीट वागा, त्यांची यात काहीच चूक नाही. ज्यांच्या नावाने हा सगळा गोंधळ चालला होता, त्यांनीच हे बोलणं फार गरजेचं होतं. चाहतेपणाची ऊब खरी असते. एकाच गोष्टीवर हसणारी हजार माणसं एका जागी भेटतात, अनोळखी लोकांशी मैत्री होते, यात वाईट काही नाही. त्या शनिवारी रांगेतले बहुतेक लोक निराश होऊन, पण मुकाट्याने परतले. ज्यांनी तमाशा केला ते मोजके होते. पण व्हिडिओ त्यांचेच फिरले आणि साऱ्या चाहत्यांच्या माथी तोच शिक्का बसला.

अशा प्रसंगी सगळा दोष ग्राहकांच्या उतावळेपणावर ढकलायची एक सवय असते. ते अर्धसत्य आहे. तुटवडा हे बाजारातलं जुनं हत्यार आहे. 'आजच', 'शेवटचे काही नग', 'साठा असेपर्यंत' हे शब्द जाहिरातदार तोलूनमापून वापरतात, कारण त्यांनी माणूस घाईला येतो. ती घाई निर्माण करायची आणि तिचा पूर आला की दार उघडायला पोरासोरांना पुढे करायचं, हे बेजबाबदारपणाचं आहे. गर्दी बोलावणाऱ्याने आधी गर्दी मोजली पाहिजे. मॅकडॉनल्ड्सने दुसऱ्याच दिवशी कबूल केलं, की आपण दिलेला साठा अजिबात पुरेसा नव्हता, आणि सॉस पुन्हा जास्त प्रमाणात, जास्त दुकानांत आणण्याचं वचन दिलं. २६ फेब्रुवारी २०१८ रोजी ते पाळलं गेलं. या वेळी पाकिटं होती दोन कोटी. कंपनीने तीन भागांचं एक पॉडकास्ट काढून त्यात आपल्या फसलेल्या योजनेची कहाणीही सांगितली. दोन कोटी पाकिटं दुकानांत आली, तेव्हा काउंटरवर कुणी चढलं नाही. जी वस्तू मागितली की मिळते, तिच्यासाठी कुणी गाडी देत नाही.

आपल्याकडे हे प्रकरण दूरचं वाटेल, पण 'एकावर एक मोफत' आणि 'पहिल्या शंभर ग्राहकांना' या पाट्या मराठी वाचकाला काही नव्या नाहीत. मोबाइलवरचे सेल तर काही सेकंदांत 'सोल्ड आउट' होतात. याबाबत आपला कायदा स्पष्ट आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये फसव्या जाहिरातींना आळा घालणारी मार्गदर्शक तत्त्वं लागू केली. ग्राहकाला ओढून आणण्यासाठी दाखवलेल्या आमिषाच्या जाहिरातींसाठी त्यात वेगळ्या अटी आहेत. जाहिरात केलेली वस्तू त्या किमतीला विकण्याची खरी शक्यता असली पाहिजे. अपेक्षित मागणीला पुरेल एवढा साठा हवा. साठा थोडाच असेल, तर ते जाहिरातीतच स्पष्ट सांगायला हवं. ओप्राच्या कार्यक्रमानंतर अमेरिकी ग्राहकांना जे कोर्टात जाऊन मिळवावं लागलं, त्याची पायाभरणी आपल्याकडे नियमातच आहे.

तेव्हा पुढच्या वेळी एखाद्या दुकानात जाहिरातीतली वस्तू 'संपली' असं ऐकू आलं, तर काउंटरवरच्या मुलाला काही बोलू नका. त्याने ती संपवलेली नाही. जाहिरातीचा फोटो काढून ठेवा, तारीख आणि दुकान टिपून ठेवा. फसवणूक झाली असं वाटत असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे आणि तिथे मराठीतही तक्रार नोंदवता येते.